प्रक्षोभक प्रवाह

घोळ सर चहा मारून प्यायचे. हे त्यांचेच शब्द. कॅन्टीनमध्ये कप समोर आला की ते चमच्यानं चहा जोरात गरगरा फिरवत, चमचा बाहेर काढत आणि कपात डोळे घालून बसत. चहा आधी वेगानं फिरे, मग रेंगाळे, मग सायीचा तुकडा काठाला येऊन टेकला की ते म्हणत, "मेला." आणि तो गार चहा एका घोटात पिऊन टाकत. शेजारी एखादा नवीन प्राध्यापक बसला असला तर त्याला विचारत, "आत्ता फिरत होता, आता फिरत नाही. ते फिरणं गेलं कुठं?" तो बिचारा म्हणे, "थांबलं, सर." मग सर सायीच्या तुकड्याकडे पाहावं तसे त्याच्याकडे पाहत आणि त्या दिवसापुरतं त्याच्याशी बोलणं बंद करत.

पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. ढाणकी, फुलसावंगीकडची पोरं एस.टी.नं यायची आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना सरांचं खरं नाव विसरायला होई. पाण्यात सतत काहीतरी घोळत बसणारा माणूस म्हणून घोळ सर. सरांना हे नाव माहीत होतं आणि मान्य होतं. ते स्वतः तरी कुठं कोणाला नावानं हाक मारायचे? आम्हां सहकाऱ्यांना ते विषयानं ओळखत. "काय मराठी, आज कोणता अलंकार?" "इतिहास, सरका तिकडे." माणसं बदलत, निवृत्त होत, क्वचित मरतही, सरांच्या दृष्टीनं इतिहास तोच असे.

त्यांचा खरा विषय एकच होता. वाहतं पाणी खवळलं की त्यात मोठे भोवरे उठतात. मोठे मोडून त्यांचे लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि असं करत करत मोठ्या भोवऱ्यातली ऊर्जा खाली उतरत जाते. शेवटी भोवरा इतका बारीक होतो की पाण्याचा चिकटपणाच त्याला गिळतो आणि त्या सगळ्या धिंगाण्याची जरा ऊब तेवढी उरते. हे मला त्यांनी पैनगंगेच्या पुलावर, पूर आला असताना, खांबामागचं पाणी दाखवून सांगितलं होतं. "गंमत काय आहे मराठी, वरून जेवढं येतं तेवढंच खाली जातं. मधले भोवरे स्वतःसाठी काही ठेवत नाहीत. मधल्यानं काही खाल्लं नाही असा जगात हा एकच व्यवहार असेल." मी म्हणालो, छान आहे, यावर एक ललित लेख होईल. सर म्हणाले, "म्हणूनच तुम्हाले काही सांगत नाही मी." एरवी ते पुस्तकी मराठी बोलत. चीड आली की मात्र त्यांचं गाव बाहेर येई.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत त्यांनी काचेचा एक लांब पाट बांधला होता. लोखंडी अँगलवर बसवलेल्या काचा, एका टोकाला शेतातली जुनी मोटार, दुसऱ्या टोकाला टाकी. पाटात मध्ये एक लोखंडी कांब उभी करायची, मोटार सुरू करायची आणि वरून कपड्याच्या निळीचा थेंब सोडायचा. कांबेमागं नीळ आधी मोठ्या वेटोळ्यात फिरे, मग वेटोळ्याला फाटे फुटत, फाट्यांना केस फुटत, आणि बघता बघता ती पाण्यात नाहीशी होई. सर हे वर्षानुवर्षं रोज बघत आले होते आणि रोज थोडे पुढं वाकून बघत. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी प्रेम पाहिलं असेल तर ते तिथं. माणसांच्या वाट्याला ते आलं नाही.

माणसांच्या वाट्याला त्यांची जीभ यायची. फुलसावंगीची एक मुलगी तोंडी परीक्षेत म्हणाली, "शेवटी ऊर्जा संपते, सर." सरांनी तिला तळहातावर तळहात घासायला सांगितलं. ती घासू लागली. सर पुढच्या मुलाची परीक्षा घेऊ लागले. मग त्याच्या पुढच्या मुलाची. ती कोपऱ्यात उभी राहून हात घासतेच आहे. शेवटी सरांनी विचारलं, "संपली का?" तिचे तळहात लालभडक झाले होते. "नाही सर, गरम झाली." "बैस," सर म्हणाले आणि तिला पैकीच्या पैकी गुण दिले. ती आता वणीला शाळेत शिकवते. आजही सरांचं नाव निघालं की ती आधी आपले तळहात उलटे करते.

आमच्या प्राचार्यांचं प्रकरण याहून जुनं. ते प्राचार्य होण्याच्या फार आधी, नोकरीच्या मुलाखतीला आले होते. नमुन्याचा तास चालला होता. मागच्या बाकावर सर. तास संपल्यावर संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांनी सरांचं मत विचारलं. सर उमेदवारासमोरच म्हणाले, "घ्या यांना. यांच्यामुळं विद्यार्थ्यांचं काही बिघडणार नाही. यांच्यापासून त्यांच्यापर्यंत काही पोचणारच नाही." उमेदवार भाऊसाहेबांचे साडू होते, ही गोष्ट तोवर फक्त सरांना माहीत नव्हती. अर्थात माहीत असती तरी वाक्य तेच आलं असतं.

साडूंना नोकरी लागली, यथावकाश प्राचार्यपदही मिळालं. त्यांना वजनदार शब्दांची भारी हौस. ते पाणी पीत नसत, जलप्राशन करत. एका स्नेहसंमेलनात ते म्हणाले, "जीवन हा एक खळाळता प्रवाह आहे. मोठ्यांची ऊर्जा लहानांकडे जाते, हेच आमचे घोळ... आमचे सर आपल्याला पाण्यातून शिकवतात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर पहिल्या रांगेतून उठले आणि माईक नसताना शेवटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी असं काही शिकवत नाही. पाण्याला पद नसतं. पाण्यावरून माणसाची उपमा दिली की माणूस तर कळत नाहीच, पाणीही नासतं." प्राचार्य हसले. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. हसताना त्यांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी केली, तिची आणखी एक घडी केली, आणि कागदाला आणखी घडी पडेना तोवर करतच राहिले.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा संस्थेला संस्थापकांचं स्मृतिदालन काढायचं सुचलं. कॉलेजात रिकाम्या खोल्या बऱ्याच होत्या. पण प्राचार्यांच्या मते स्मृतीला योग्य असा उजेड पाटाच्या खोलीतच येत होता. सर आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे तरी काही मागायला गेले. मला बरोबर नेलं, कारण विनंतीची भाषा आपल्याला येत नाही असं त्यांचं म्हणणं. भाऊसाहेब झोपाळ्यावर बसले होते. सर उभे.

"मी गेल्यावर पाट राहू द्या," सर म्हणाले.

"तुमच्यामागं तो वापरणार कोण, सर?"

"कोणी वापरेल. पाणी सोडलं की तो आपला आपण शिकवतो."

भाऊसाहेब हसले. ते कधी चिडत नसत, आणि गावात लोक त्यांना त्यामुळंच भीत. "असं करा, एक व्याख्यान ठेवा. गाव बोलवा. लोकांना उपयोग दिसला तर पाट राहील. मी शब्द देतो."

घरी जाताना सर मला म्हणाले, "मराठी, टर्ब्युलन्सला आपल्यात काय म्हणतात?" मी सांगितलं, पारिभाषिक कोशात प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. त्यांनी खिशातल्या एस.टी.च्या तिकिटामागं लिहून घेतलं आणि शीर्षक प्राचार्यांकडे पाठवलं. प्राचार्यांनी ते वाचून म्हटलं, "प्रक्षुब्ध कसं बोबडं वाटतं. प्रक्षोभक करा. त्यात वजन आहे." मी त्यांना फरक सांगितला, एक खवळलेला, दुसरा खवळवणारा. ते म्हणाले, "तुम्ही साहित्यवाले फार चिकित्सक." मी सरांनाही सांगितलं. सर म्हणाले, "काही का म्हणेना. शब्दानं पाण्याले फरक पडते का?"

बसस्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला. वर भाऊसाहेब, खाली प्राचार्य, सर कोपऱ्यात ओळखपत्राच्या आकाराचे, आणि मधोमध लाल अक्षरांत: "प्रक्षोभक प्रवाह! मोठ्यांकडून लहानांकडे शक्ती कशी जाते?" उद्गारचिन्ह प्राचार्यांचं. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली होती. दुपारपर्यंत फ्लेक्सचा फोटो तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरला आणि संध्याकाळी ठाण्याचे जमादार प्रयोगशाळेत आले. प्राचार्यांनी त्यांना सरांकडे पाठवलं होतं. शीर्षक सरांचंच आहे, असं त्यांनी सांगितलं होतं.

"सर, हे प्रक्षोभक भाषण तुमचंच का?"

"भाषण नाही, व्याख्यान. आणि प्रक्षोभक पाणी आहे, मी नाही."

"पाण्याचा वाद आहे म्हणा. धरणाचा का?"

"वाद नाही. मोठ्यांकडून लहानांकडे ऊर्जा कशी जाते ते सांगणार आहे."

"मोठे म्हंजे कोण?"

"भोवरे."

जमादारांनी लिहून घेतलं. "आन् लहान?"

"तेही भोवरेच."

"म्हंजे भाऊबंदकीचं प्रकरण दिसते. कोणत्या गावचे हे भोवरे?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "जमादार," सर म्हणाले, "तुम्ही माझे विद्यार्थी होते का?"

"व्हय सर. बारावीत. तुम्ही नापास केलतं मले."

"चुकलो नव्हतो मी."

जमादार भला माणूस. तो रागावला नाही. त्यानं परवानगी दिली. अट एकच, व्याख्यानाचं पूर्ण चित्रण होईल आणि ते ठाण्यात जमा होईल. सर खूश झाले. त्यांचं व्याख्यान आजवर कोणी वहीतसुद्धा नीट उतरवून घेतलं नव्हतं.

व्याख्यानाला खोलीत मावेनात इतके लोक आले. पक्षांचे कार्यकर्ते आले, बातमीदार आले, विरोधी पॅनेलचे संस्था-सभासद आले, बाजारातले अडते आले, व्हरांड्यात पोरं खिडक्यांच्या गजांना लटकली. कोणाचं तरी नाव घेतलं जाणार, असं गावाला कळलं होतं. सरांना मात्र वाटलं की ही माणसं पाणी बघायला आली आहेत. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्याही आल्या होत्या. इतक्या वर्षांत पाट त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला हळूच विचारलं, "एवढाच?"

सरांनी मोटार सुरू केली, निळीचा थेंब सोडला आणि बोलायला लागले. ते इतकं सुंदर बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मोठा भोवरा खाली किती ऊर्जा धाडणार हे तोच ठरवतो, पातळ दूध असो की पाणी. चिकटपणाच्या हातात फक्त एवढंच असतं की सगळ्यात लहान भोवरा किती लहान असावा. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मागून एक बातमीदार म्हणाला, "सर, मुद्द्यावर या ना." दुसरा म्हणाला, "कोणाबद्दल हाये ते तं सांगा." कोणीतरी जांभई दिली ती मोटारीच्या वर ऐकू आली. दाराशी चपला शोधायची गडबड सुरू झाली. खिडकीतलं एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "चाल बे, कायले थांबून राह्यला? कपडे धुवून राह्यले सर."

पहिल्या रांगेत भाऊसाहेबांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. ते उठणार होते. लोकांना उपयोग दिसला नव्हता. सरांनी ते पाहिलं. मग ते पाटाकडे वळले, थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले, आणि पाण्याकडे पाठ करून म्हणाले, "बरं. समजा, हा मोठा भोवरा म्हणजे आपली संस्था."

चपला शोधणारे थांबले.

"वरून अनुदान येतं. संस्थेकडून ते प्राचार्यांकडे जातं. प्राचार्यांकडून आमच्याकडे, आमच्याकडून विद्यार्थ्यांकडे. पाण्यात आणि आपल्यात फरक एवढाच, की पाण्यात मधला कोणी काही खात नाही."

छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. गेलेली माणसं धावत परत आली. सरांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. तो हळूहळू ओसरला आणि त्या जागी जे आलं ते पाहून मी मान खाली घातली. आयुष्यभर ज्याला कोणी टाळी दिली नाही अशा माणसाला एकदम पोतंभर मिळाली होती.

"आन् शेवटच्याले काय भेटते सर?" कोणीतरी ओरडलं.

"ऊब," सर म्हणाले. "नुसती ऊब."

पुन्हा टाळ्या. मग सर थांबेचनात. कोण मोठा भोवरा, कोण मधला, कोण कोणात मोडतो, सगळं त्यांनी सांगितलं. विरोधी पॅनेलवाल्यांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना वाटलं यजमान जिंकले. भाऊसाहेबही टाळ्या वाजवत होते, शांतपणे, सगळ्यांच्या नंतर थांबत. पाटाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. नीळ केव्हाच मिसळून गेली होती आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखंच फिकट निळं पाणी वाहत होतं. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूचना लागली. पोलीस चौकशी चालू असल्यानं संबंधित खोली बंद ठेवण्यात येत आहे. चौकशी लवकरच मिटली. भोवरे नावाचे कोणी इसम हद्दीत आढळून आले नाहीत, असा काहीसा अहवाल जमादारांनी दिल्याचं मी ऐकलं. खोली उघडली तेव्हा पाट नव्हता. मोटार कॉलेजच्या बागेला लावली होती. अँगल भंगारात गेले. काचा चांगल्या जाड होत्या, त्यांची स्मृतिदालनासाठी कपाटं केली. सरांचा निरोप समारंभ प्राचार्यांनी त्याच खोलीत ठेवला. कारण विचारलं तर म्हणाले, "उजेड चांगला येतो." संस्थापकांच्या चपला, काठी आणि चष्मा सरांच्या काचांमागं मांडून ठेवले होते. शाल देताना प्राचार्य म्हणाले, "सरांपासून आमच्यापर्यंत पुष्कळ काही पोचलं." हे वाक्य त्यांनी किती वर्षं जपून ठेवलं असेल, याचा मी हिशेब करत बसलो. सरांनी उत्तराच्या भाषणात कपाटाच्या कडेवरून बोट फिरवलं, "काच चांगली आहे" एवढंच म्हटलं आणि खाली बसले. त्यांची जीभ त्या दिवशी कुठं होती कोण जाणे.

पुढं ते यवतमाळला मुलीकडे राहायला गेले. छातीचं दुखणं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा अंथरुणात बसलेले होते, बोलताना मध्ये दम लागत होता. पाटाबद्दल मी काही काढलं नाही. त्यांनीच काढलं.

"पाट गेला त्याचं काही नाही, मराठी. टाळी कोणत्या वाक्यावर पडली, ते सलते मले."

"लोक अजून म्हणतात ते वाक्य," मी म्हणालो. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

"चूक आहे ते." ते उठून बसायचा प्रयत्न करू लागले. वहिनींनी उशी सरकवली. "मधल्यानं खाल्लं की नाही, तो प्रश्नच नव्हता. मोठा भोवरा खाली काही देत नाही. तो मोडतो. स्वतः मोडला तरच खाली काही जातं, आणि मग तो उरत नाही. अध्यक्ष मोडले का? नाही ना? मग तो भोवरा कसला? साधी गोष्ट होती. टाळ्यांसाठी मी पाण्याबद्दल खोटं बोललो." मग म्हणाले, "माझी उपमा चूक होती म्हणून सांगा भाऊसाहेबांना. कारणासकट सांगा."

मी सांगायला गेलो. भाऊसाहेब झोपाळ्यावरच होते. "सरांनी निरोप दिला आहे, की त्यांची चूक झाली," एवढं ऐकताच त्यांनी हात वर केला. "पुरे. मोठ्या माणसाला आणखी बोलायला लावू नका." मी म्हणालो, कारण ऐकून घ्या, तेच महत्त्वाचं आहे. ते म्हणाले, "मी मनात काही ठेवलेलंच नाही हो." आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

सर गेल्यावर शोकसभा स्मृतिदालनातच झाली. प्राचार्यांनी देहावसान, पोकळी आणि ज्ञानयज्ञ हे शब्द वापरले. मग भाऊसाहेब उठले. "सर कडक होते. कधी आमच्यावरही घसरले. पण जाण्यापूर्वी त्यांनी मला मुद्दाम निरोप पाठवून आपली चूक कबूल केली. एवढं मन फार थोड्यांचं असतं." लोकांनी माना डोलावल्या. वहिनींनीही हात जोडले. यादीत पुढचं नाव माझं होतं. मी म्हणालो, सरांनी निरोपाबरोबर कारणही पाठवलं होतं, ते सांगतो, मोठा भोवरा...

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं. आम्ही उभे राहिलो. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते.